आधी डावा हात

मी सारी नोकरी पाय सुजवण्यात घालवली. उंदरांचं पाय. त्यातबी मागचा उजवा तेवढा. डाव्याला कधी हात लावला न्हाय.

पावणं भेटलं की इचारत्यात, "काय करत हुता?" मी म्हणतो, "औषधाच्या कॉलेजात हुतो." त्यांचा आवाज लगेच खाली येतोय. "म्हंजे प्राध्यापक म्हणायचं." मी म्हणतो, "न्हाय, उंदरं धरत हुतो." मग पावणं च्या पिऊन उठत्यात.

दिवाळी अंकवाल्यांचा निरोप आला, तुमच्या कामाबद्दल काय तरी लिव्हा. मला लिवायला येतंय ते सहीपुरतं. चौथीत दोनदा बसलो, तिसऱ्यांदा मास्तरच म्हणालं, दत्तू, आता तू बाकडं झिजवू नगंस. तवा मी बोलतोय आणि आमची लेक लिवून घेतीया. ती मधनंमधनं शुद्ध करायला बघती. मी करू देत न्हाय. शुद्ध बोलणाऱ्यानं उंदराचं काम केलं असतं व्हय?

कॉलेजच्या मागं, सायकल स्टँडच्या पलीकडं आमचं प्राणीघर हुतं. नाव मोठं, आत पिंजरं. पांढरी उंदरं, लाल डोळं. सकाळी जाऊन भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या धुवायच्या, दाणं घालायचं. वास असा की संध्याकाळी सिटी बसमधी बसलो की शेजारचा माणूस पुढचा स्टॉप आपलाच हाय असं समजून उतरायचा. मला मात्र ऐसपैस बसून जायला मिळायचं. पगारात न धरलेला फायदा.

उंदीर मानंमागं धरायचा असतोय. लई आवळला तर त्याचा जीव जातोय, ढिला धरला तर तुमचा. पहिल्याच आठवड्यात मी ढिला धरला. बोट सुजून वांग्याएवढं झालं. प्रयोग करवून घेणारं आमचं सर धावत आलं, मला वाटलं दवाखान्यात न्हेणार. त्यांनी पोरांच्या वर्गाफुडं मला उभा केला. म्हणालं, "बघा. लाली, गरमी, सूज, ठणका. पुस्तकातली चारी लक्षणं मामांच्या एका बोटात." पोरांनी वह्या काढल्या. एका पोरीनं माझ्या बोटाचं चित्र काढलं. शाळेनं मला हाकलला आणि कॉलेजनं फळ्याजागी उभा केला, आता बोला. सगळं लिवून झाल्यावर मग दवाखाना.

आता काम काय हुतं ते सांगतो, म्हंजे फुडचं कळंल.

उंदराच्या पायात एक पावडर टोचायची, समुद्रातल्या शेवाळाची. थोड्या वेळात पाय भज्यासारखा फुगतोय. घोट्याला पेनानं रेघ मारून ठेवलेली असती. त्या रेघंपर्यंत पाय पाऱ्याच्या नळीत बुडवायचा. पारा जितका वर चढला तितकी सूज. टोचायच्या आधी काही उंदरांस्नी औषध दिलेलं असतंय, काहींस्नी बाजारातली माहीत असलेली गोळी, आणि काहींस्नी नुसतं पाणी. नुसत्या पाण्याचं कशाला, असं मी सरांस्नी इचारलं हुतं. सर म्हणालं, "मामा, काहीच न दिलेला कोणतरी पाहिजे, न्हायतर दिलेल्याचा उपयोग झाला का न्हाय हे कळणार कसं?" मला त्या पाणीवाल्या उंदरांची लई दया यायची. दुखणं सगळ्यांसारखं आणि वाट्याला पाणी.

सगळी उंदरं एकसारखी दिसत्यात, म्हणून अंगावर पिवळा रंग लावायचा. कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या पाठीवर, कुणाच्या शेपटीवर. बेंदराला, म्हंजे तुमच्या पोळ्याला, बैलं रंगवावीत तसं. तो रंग बोटाचा जात न्हाय. कंडक्टर तिकीट देता देता इचारायचा, "मामा, कुणाची हळद?" मी म्हणायचो, "पाव्हण्याची." बेंदराचा बैल रंगवला की मिरवून परत गोठ्यात येतोय. आमचं रंगवलेलं कुणी परत येत न्हवतं. काम संपलं की झोपवायचं. त्याची रीत असती, त्रास हुईत न्हाय म्हणत्यात. मी धरून द्यायचो आणि खिडकीतनं सायकल स्टँड बघायचो. त्या स्टँडातल्या सायकली मला तोंडपाठ हुत्या.

सूज म्हंजे काय ते सरांनी मला माझ्या भाषेत सांगितलं हुतं, म्हंजे मीच त्यांच्याकडनं आमच्या भाषेत करून घेतलं. समजा गल्लीत कुणाला कुणी मारलं. बोंब झाली की आमच्याकडं अख्खी तालीम धावून येती. गर्दी, रेटारेटी, गरमागरमी. मारणारा पळून जातोय, पण गर्दी हलत न्हाय. ती गर्दी म्हंजे सूज. झाडपाल्याच्या तेलात काही काही माल असा असतोय की तो बोंबच दाबतोय, मग पोरं जमतच न्हाईत, जमलेली घराकडं जात्यात. लवंगंच्या तेलात एक हाय, दातवालं डॉक्टर वापरत्यात. निलगिरीत एक. गवती चहात ते लिंबासारख्या वासाचं. एका थेंबात असलं कितीतरी माल एकत्र नांदत्यात आणि कोण काम करतंय, कोण नुसता बसून खातोय, हे शोधायला शिकलेली माणसं जन्म घालवत्यात. मीबी घालवला, पण मी बसून खाणाऱ्यांत.

माझी बायको शालन. तिला मी घरी येऊन हे सगळं सांगायचो. ती म्हणायची, "गणपतीचं वाहन हाय ते. तुम्ही त्याचा पाय सुजवताय, आणि गणपती काय चालत यायचा?" दरसाली गणपती बसला की ती मूर्तीच्या उंदराच्या पायाला जरा जास्त कुंकू लावायची. माझ्या वतीनं माफी.

शालनची एक म्हस हुती, चंद्री. रंकाळ्याच्या पल्याड आमचं घर, मागं गोठा. रोज संध्याकाळी चंद्रीला घिऊन शालन दुधाच्या कट्ट्यावर जायची. ज्यांस्नी ठावं न्हाय त्यांच्यासाठी सांगतो, आमच्या कोल्हापुरात म्हस गिऱ्हाइकाच्या फुडं उभी करत्यात आणि गिलासात थेट धार. वर बोटभर फेस. शालनची धार लांबनं ओळखू यायची, एका लयीत, खंड न्हाय. पैलवान लोक दुसरी म्हस मोकळी असली तरी हिच्यासाठी थांबायचं. मी दोरी धरायला. दिवसा उंदरं धरायची, संध्याकाळी दोरी. आयुष्यात कुणी मला सोडायचं काम दिलंच न्हाय.

आणि त्या शालनचं हात सुजाय लागलं.

आधी सकाळी बोटं आखडायची. म्हटलं धारा काढून दुखत असतील. मग दोन्ही हातांची मधली हाडं वर आली, लाल, गरम. सरकारी दवाखान्यात न्हेली. रक्त तपासलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, आमवात हाय. आठवड्यातनं एकदा घ्यायची गोळी दिली, सोडू नका म्हणाल्या. मी सरांस्नी इचारलं, हे काय असतंय. सरांनी मला जवळ बसवलं. मग म्हणालं, "मामा, तुमची ती तालीम. मारामारी झालेलीच न्हाय, बोंब झालेली न्हाय, तरी पोरं जमत्यात आणि आपल्याच घराची दारं फोडत्यात. रोज."

गल्लीतली एक म्हातारी तोंडावर म्हणाली, "दत्तू, मुक्या जीवाचं पाय सुजीवलंस, बायकोच्या हातावर निघालं." मी हसलो. शालनबी हसली. पण रात्रीचं जेवण मला गेलं न्हाय. अजूनबी ते वाक्य मला कुठंबी, अंघोळ करताना, भाजी घेताना गाठतंय.

त्याच सुमारास स्वप्नाली मॅडम आल्या. गडहिंग्लजच्या, पीएचडी करायला. आईला अव्वा म्हणायच्या, दिवसातनं चारदा अव्वाचा फोन यायचा. त्यांचा विषय निर्गुडीच्या पानांचं तेल. म्हणाल्या, "मामा, तुमचं गाव गारगोटीकडं ना? निर्गुडी मिळंल का?" मी छाती फुगवून म्हटलं, "आमच्या बांधाबांधाला हाय की." रविवारी गेलो, पोतं भरलं, एसटीनं घरला आलो. शालननं पोत्यात नाक घातलं आणि म्हणाली, "अवो, ही निर्गुडी न्हवं."

"तुला काय कळतंय, कॉलेजचं काम हाय."

"कॉलेजचं असंल. पण निर्गुडी न्हवं. वास बघा की."

सोमवारी पोतं कॉलेजात. झाडांचं सर आलं, पान चुरगाळलं, वास घेतला, माझ्याकडं बघितलं. निर्गुडी न्हवतीच ती. कसलं झुडूप हुतं ते त्यांनी नावासकट सांगितलं, मी लाजंनं ऐकलं न्हाय. फुडच्या रविवारी शालन माझ्याबरोबर आली. सुजलेल्या हातांनी तिनं पाला ओरबाडला, मी पोत्याचं तोंड धरलं. परत धरायचंच काम.

तेल काढायची रीत साधी. काचंच्या गोल भांड्यात पाला आणि पाणी, खाली शेगडी. वाफ वर चढती, गार नळीत गेली की तिचं पाणी होतंय, आणि पाण्यावर तेलाचा बारीक पदर येतोय. पोतंभर पाला शिजवावा तवा टोपणभर. पहिल्यांदा तो पदर बघून मी म्हटलं, "मॅडम, वर तवंग आलाय. ओतून देऊ?" मॅडम खुर्चीवर बसल्या. त्या तवंगासाठीच सगळं चाललं हुतं.

मग उंदरं आली, रंगली, टोचली. तेल दिलेल्या उंदरांचा पारा खरंच कमी चढला. जास्त तेल दिलेल्यांचा जवळजवळ गोळीवाल्यांएवढा. मॅडमनी अव्वाला फोन लावला, कानडीत काय काय सांगितलं, डोळं पुसलं. मला पेढं दिलं. त्यानंतरच्या आठवड्यात मी रंगवलेली सगळी उंदरं धरून दिली आणि सायकली बघितल्या.

आता ज्या माणसाची बायको सुजलेल्या हातानं धार काढतीया, त्यानं हे डोळ्यानं बघितल्यावर काय करावं? मी मॅडमफुडं हात जोडलं. त्या म्हणाल्या, "मामा, उंदराची सूज तीन-चार तासांची. काकूंचं दुखणं वेगळं. हे औषध नव्हे." मी म्हटलं, "व्हय." त्या म्हणाल्या, "व्हय म्हणून तुम्ही ऐकणार न्हाई." मी म्हटलं, "न्हाय." शेवटी उरलेल्यातलं थोडं तिळाच्या तेलात मिसळून एक बाटली दिली. वरनंच लावायचं. कातडी लाल झाली तर बंद. आणि दवाखान्याची गोळी अजिबात सोडायची न्हाय, हे त्यांनी माझ्याकडनं वदवून घेतलं.

माणूस घरी आला की कॉलेज डोक्यातनं जाईल असं थोडंच हाय? मी इतकी वर्षं बघितलेलं, की एकाला न दिल्याशिवाय दुसऱ्याचं कळत न्हाय. शालनला म्हटलं, "एका हाताला हे तेल, दुसऱ्याला नुसतं तिळाचं. कुठला कुठला ते तुला सांगायचं न्हाय. मग बघू."

ती म्हणाली, "म्हंजे माझा एक हात उंदीर."

"दोन्ही उंदीर. पण एक पाणीवाला."

"करा."

दोन बाटल्या आणल्या, दोन्हीला कागद गुंडाळला, बाहेरनं सारख्या. उजव्याला निर्गुडी, डाव्याला नुसतं तिळाचं. रोज संध्याकाळी कट्ट्यावरनं आलो की ती हात फुडं करायची आणि मी चोळायचो. पारा न्हवता, दोऱ्यानं बोटाचा घेर मापायचो. पण खरं माप दुसरंच हुतं. मूठ मिटती का. धार काढायला मूठ मिटावी लागती, अंगठा आत घालून. ती मिटायची बंद झाली की कट्टा संपला, चंद्री संपली. हे आम्ही दोघंबी एकमेकांला बोलत न्हवतो.

काही आठवड्यांनी शालन म्हणाली, "डावा बरा वाटतोय."

मला घामच आला. डावा म्हंजे नुसतं तिळाचं. परत इचारलं. "डावाच. हलका झालाय. उजवा हाय तसाच." दोरा लावला, डाव्याची सूज कमी दिसत हुती. मी रातभर इचार केला की आपण निर्गुडीवर पोती वाहिली आणि खरं औषध वाण्याकडं तिळात. मॅडमच्या पीएचडीचं काय हुणार, पेढं परत मागितलं तर काय करायचं. सकाळी कॉलेजात जाऊन घाबरत घाबरत त्यांस्नी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी येते घरी."

रविवारी आल्या. शालननं च्या केला, कप दोन्ही हातांच्या तळव्यांत धरून आणला, कपाच्या कानात बोट जात न्हवतं म्हणून. मॅडमनी ते बघितलं. मग दोन्ही हात उलटंसुलटं करून बघितलं आणि मला म्हणाल्या, "मामा, रोज लावताय तसं लावून दाखवा."

मी बसलो. उजवा चोळला. मग डावा घेतला. मॅडम घड्याळ बघत हुत्या. मी चोळतोय, चोळतोय.

"मामा, उजवा कवाच सोडलासा. डावा अजून चाललाय."

"अं?"

"रोज असंच का?"

मी हात थांबवला. माझं मलाच ठावं न्हवतं. मग तोंडातनं निघालं, "डाव्याला काय मिळत न्हाय न्हवं, मॅडम. नुसतं तेल. म्हणून जरा... बिचाऱ्याला..."

मॅडम हसल्या आणि हसता हसता थांबल्या. "म्हणून लावणाऱ्यालाबी सांगायचं नसतंय, मामा. तुम्ही डाव्याला मालिश देत हुता, मालिशनं हात हलका झाला. पण काकूंना तरी माहीत नव्हतं ना, कुठल्या बाटलीत काय ते?"

शालन पदर तोंडाला लावून हसत हुती. म्हणाली, "पोरी, बाळंतपणात मला निर्गुडीच्या पाल्यानं शेकलंय. ह्यांनी बाटल्यांस्नी कागद गुंडाळला. माझ्या नाकाला न्हाय."

"मग बोलली का न्हाईस?" मी इचारलं.

"इतक्या हौसंनं करत हुता. म्हटलं करू द्या."

तिघंबी हसलो. एवढी वर्षं उंदरं धरून मी एक प्रयोग केला आणि त्यात एकटा मीच फसलो. त्या घरात ते शेवटचं मोकळं हसू असंल. कारण मॅडमनी हसू आवरून इचारलं, "आणि काकू, गोळी? कुठल्या वारी घेता?"

शालन गोठ्याकडं बघाय लागली.

"काकू?"

"घेतली हुती पहिली. दोन महिनं."

"आणि मग?"

"ती गोळी घेतली की फुडं दोन दिवस दुधाच्या वासानं ओकारी येती. म्हशीजवळ बसवत न्हाय. कट्ट्यावर गिऱ्हाईक गिलास धरून उभा आणि मी तोंड दाबून." मग म्हणाली, "आणि ही चंद्री दुसऱ्या कुणाला पान्हवत न्हाय, दूधच सोडत न्हाय. कोण काढणार धार? हे?"

मी मान खाली घातली. मी धार काढली असती, मनात हुतं. एकदा काढाय बसलोबी हुतो. कुणीतरी सांगितलं, बायकोचं लुगडं अंगावर घे, म्हशीला वास वळखू येतोय. शालनचं लुगडं गुंडाळून, डोक्यावर पदर घिऊन बसलो. चंद्रीनं मान वळवून मला खालनं वर बघितलं, पदराकडं बघितलं, मिशीकडं बघितलं, आणि लाथ घातली ती बादलीसकट. शेजारच्या पोराचा फोटो अजून गल्लीभर हिंडतोय. लेकीच्या सासरीबी पोचला. तवा "हे?" ह्या शालनच्या सवालाला उत्तर सगळ्या गल्लीकडं हाय.

पण मॅडम हसल्या न्हाईत. त्यांनी शालनची बोटं धरली, बाहेरच्या अंगाला वळाय लागलेली, आणि हळू सांगितलं, "काकू, सूज उतरती. पण आत सांधा खाल्ला गेला की बोट परत सरळ होत न्हाई. तेलानं न्हाई, गोळीनंबी न्हाई. गोळी आहे ती फुडचं वाचवायला."

"म्हंजे हे गेलंच," शालन म्हणाली.

मॅडमनी ती बोटं तशीच धरून ठेवली.

प्राणीघरात सकाळी दार उघडलं की कुठल्या उंदरानं दाणं टाकलंय ते मला पिंजरा न उघडता कळायचं. एकानं कुठं अंग चोरलं की मी सरांस्नी जाऊन सांगायचो. आणि घरात गोळ्यांची पट्टी डब्याच्या वर जशीच्या तशी, त्यावर धूळ. मी त्याच डब्यातनं रोज साखर घ्यायचो.

गोळी परत चालू झाली. डॉक्टरबाईंनी तिच्याबरोबर दुसरी एक दिली, ओकारी कमी हुण्यासाठी. कमी झाली, गेली न्हाय. कट्टा सुटला. चंद्रीला दोन वेळ कोण पिळणार? शालन दुखऱ्या हातानं थोडं काढायची, उरलेलं रेडकाला सोडायची. मग रेडकू मोठं झालं. चंद्री सडात दूध धरून हंबरायची. शेवटी शालनच म्हणाली, "द्या ईकून. तिचं हाल नकोत."

मुरगूडचा एक माणूस टेम्पो घिऊन आला. घरची बाई धार काढती का, एवढंच शालननं त्याला इचारलं. म्हणाला, "आई काढती, अक्का." चंद्री फळीवरनं चढंना. मी दोरी ओढतोय, तो मागनं ढकलतोय, तिनं पाय रोवलेलं. शालन आली, तिच्या पाठीवर हात ठेवला, "चल बाई," म्हणाली. चढली. मग शालन टेम्पोच्या फळीला टेकून उभी राहिली, आणि हात आत घालून तिच्या कासंवरनं नुसता फिरवला. मूठ न्हाय, उघडा हात. सवयीनं.

आणि चंद्री पान्हवली. टेम्पोच्या पत्र्यावर थेंब पडाय लागलं.

मुरगूडकर म्हणाला, "अक्का, काढून घ्या की. वाया जातंय." शालननं दोन्ही हात वर धरून त्याला दाखवलं. तो काय समजायचं ते समजला. टेम्पो चालू केला. पत्र्यावरनं पांढरा ओघळ मागं रस्त्यावर सांडत गेला, कोपऱ्यापर्यंत. मी नेहमीसारखा बघायला सायकल स्टँड शोधत हुतो, तिथं नुसतं आमचंच दार.

मॅडम डॉक्टर झाल्या. तेल उंदराच्या पायावर चालतंय हे त्यांनी लिवलंय, आणि माणसाचं अजून बघायला पाहिजे हेबी लिवलंय. मला वाचून दाखवलं. खोटं एक अक्षर न्हाय. त्यांच्या अव्वानं मला धोतर पाठवलं, मी नेसत न्हाय, पण हाय. आता प्राणीघरबी बंद. नियम कडक झालं, आणि पोरं कॉम्प्युटरवरच उंदीर सुजवत्यात. बटण दाबलं की पाय फुगतोय, बटण दाबलं की उतरतोय. चावत न्हाय, वास न्हाय, शेवटी धरून द्यायला न्हाय. चांगलं झालं. मी खरंच म्हणतोय. फक्त मी निवृत्त झालो त्या दिवशी जुन्या पिंजऱ्यांची भंगारात रवानगी झाली, आणि आम्ही दोघं एकाच गेटनं बाहेर पडलो.

शालनची सूज आता बरीच उतरलीया. गोळी घेती, रक्त तपासती. हात लाल न्हाईत, गरम न्हाईत. माझ्या भाषेत सांगायचं तर तालमीची पोरं घरी गेली, पण दारं मोडलेली ती मोडलेलीच. मूठ मिटत न्हाय. कप अजून दोन तळव्यांतच धरती. म्हातारी म्हणाली ते खरं का खोटं, मी मॅडमला एकदा इचारलं हुतं. त्या म्हणाल्या, "मामा, असं नसतंय." मी म्हटलं, "व्हय." ह्या खेपंला, व्हय म्हणून तुम्ही ऐकणार न्हाई, असं काय त्या म्हणाल्या न्हाईत.

संध्याकाळी कट्ट्याची येळ झाली की ती आतल्या खोलीत बसत न्हाय, मागच्या दारात येऊन बसती. गोठा मोकळा. मी तेलाची वाटी घिऊन येतो. निर्गुडीची बाटली कवाच संपली, आता दोन्ही हातांस्नी नुसतं तिळाचं. मी म्हटलं तिला, आता दोन्ही पाणीवालं उंदीर, कुठल्याबी हातानं सुरू कर.

ती हात फुडं करती. आधी डावा.